मखमलीची लव

"बोटांना मुंग्या आल्या की मला धीर येतो," असं मास्तर एकदा कापड पसरता पसरता म्हणाला होता. ते ऐकून त्याच्या थोरल्या बहिणीला हसावं की रडावं कळेना. मुंग्या औषधाच्या होत्या आणि औषध कोकेनवरचं होतं.

खरं तर कोकेनवरचं असं ते नव्हतंच. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत दोघांना समोर बसवून सांगून टाकलं होतं, "या व्यसनासाठी म्हणून मंजूर झालेलं औषध अजून नाही. ही गोळी मुळात फिट्सची. काहींची ओढ हिने कमी होते, काहींची होत नाही. आणि नुसत्या गोळीवर भागणार नाही, दर आठवड्याला गटात येऊन बोलावं लागेल." इतकं सरळ बोलणारं माणूस ताईला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. तोवर घरात सगळे गोडच बोलत. सगळ्यांत गोड मास्तर.

बहीणभाऊ नाटकांचे कपडे शिवत. कापणं मास्तरकडे, शिवण ताईकडे, काजंबटणं मावशीकडे. मावशी नात्यातली कुणाची नव्हे, पण टोमणे मारण्याचा हक्क तिने कधीच मिळवला होता. तयार कपडे पोचवायला मास्तर रंगमंचामागे जायचा, तिथेच त्याला ती पूड लागली. मग तो कामातून अवाक्षर न बोलता उठून जाऊ लागला. कात्री टेबलावर उघडीच. ताई खिडकीशी धावायची. कोपऱ्यावर तो नाटकगृहाच्या बाजूला वळला की ती परत येऊन कात्री मिटून ठेवायची. परत कधी येणार, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं.

गोळीने ती ओढ हळूहळू उतरली. "पूड अजून येते डोक्यात," तो म्हणायचा, "पण दारात उभी राहते. आत येऊन बसत नाही."

गोळीने शब्द मात्र पळवले. "मावशी, ते दे ना. ते गोल, चार भोकांचं."

"बटण म्हणतात त्याला, मास्तर. उद्या मला म्हणशील, ती गोल, दोन डोळ्यांची."

यावर तो स्वतःच हसत सुटायचा. बोटं बधिर झाली, त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

मखमलीला लव असते. एकीकडून हात फिरवला तर मऊ लागते, उलटीकडून अडते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर एकाच कापडाचे दोन रंग दिसतात. म्हणून कापणारे कापडाच्या पाठीवर खडूने बाण काढतात. मास्तरने बाण कधी काढला नव्हता. "खडू शिकाऊंना," म्हणायचा. त्याच्या तळहाताला सगळं कळायचं.

राणीच्या झग्याची उजवी बाही त्याने उलटी कापली. कारखान्यातल्या दिव्याखाली कुणाच्या ध्यानात आलं नाही. तालमीला झोत पडला आणि एक हात दुसऱ्यापेक्षा काळा दिसू लागला.

"राणीने हात उसना आणलाय," मावशी पुटपुटली.

परत आल्यावर मास्तर पाटावर टेकला. टेबलावरचा तो पाट, ज्यावर कापड कापण्यात त्याने आयुष्य काढलं होतं. "ताई, गोळी बंद करतो. हात गेला तर माझं उरलं काय?"

न चुकणारा तो जुना हात ताईला चांगला आठवत होता. पण पुडीच्या त्या दिवसांची सावलीसुद्धा तिला परत दारात नको होती.

"बाही मी उसवते," ती म्हणाली. "तू मात्र आता काही उसवू नकोस. बंद करायची तर बाईंना विचारून. मनाने नाही."

त्याने तिच्यासमोरच फोन लावला. गोळी एकदम सोडायची नाही, बाई म्हणाल्या, थोडी कमी करून बघू. मुंग्या कमी होतील, पार जातीलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने झग्याच्या मागच्या घोळातून बाहीपुरती मखमल काढली आणि टेबलावर ठेवली. यापलीकडे तुकडा नव्हता. मास्तरने तळहात फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला. मग कापड उचलून, डोळे मिटून, त्याने ते वरच्या ओठावरून नाकाखाली अलगद ओढलं. लहानपणी ताईनेच त्याला शिकवलं होतं तसं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

मावशीने बाहीसाठी सुईत दोरा ओवला.

त्याने ताईच्या मशीनवरचा खडू घेतला. कापडाच्या पाठीवर बाण काढला, शिकाऊ पोर काढतं तसा जाडजूड, पुन्हा पुन्हा गिरवून. मग कापलं. बाही झोपेतल्या मांजरासारखी टेबलावर पडली. ताईने नुसता हात लावून पाहिला. लव खाली, बरोबर.

कुणाचे आभार मानावेत ते तिला कळेना. गोळी याच्यासाठी बनलेलीसुद्धा नव्हती. वाट चुकून आलेल्या पाहुण्यासारखी ती घरात आली, आणि भावाला धरून बसली. ताईने मनातल्या मनात तिलाच हात जोडले, त्याची बोटं बधिर करणारी असूनही.

गटाची वेळ झाली होती. मास्तरने पाण्याबरोबर गोळी गिळली. कात्री मिटली, खडू बाहीशेजारी ठेवला, दाराकडे वळला आणि अवाक्षर न बोलता बाहेर पडला.

ताई खिडकीशी गेली नाही. तिने बाही मशीनखाली सरकवली.