शेजारच्या काकूंचं मौन

जो कोणी हे वाचेल त्याने ऱ्हस्वदीर्घ मनावर घेऊ नये. मी चौथीपर्यंतच शिकले, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

आमच्या उंद्रीत शेजारच्या काकूंनी एका चातुर्मासात मौन धरलं. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत बोलायचं नाही, मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. चार महिने पार पडले की देवळाला घंटा द्यायची.

मला धसकाच बसला. उन्हाळ्यात त्यांनी माझ्याकडून पाच रुपये उसने नेले होते. राखीला खामगावला भावाकडे जायला मला तेच हवे होते. घरात मागायची सोय नव्हती, कारण ते मी लपवून साठवलेले.

भाऊ कापसाच्या जिनिंगजवळ राहायचा. तिथली यंत्रं थांबली की आधी कानात घूं व्हायचं, मग पालीची चुकचुकही ऐकू यायची. काकूंचं तसंच झालं. आवाज बंद झाला तशा त्यांच्या बांगड्या, झाकण्या, हुंकार साऱ्या आळीला ऐकू येऊ लागले. नुसत्या 'ऊं'मध्ये त्या सुनेला रागवायच्या आणि शेळीलाही हाकलायच्या. दुपारनंतर मात्र तुंबलेलं सगळं बाहेर पडे. मी तोंड उघडायच्या आत त्या जावयाचं दुखणं सांगत, आणि मीच वाटीभर डाळ देऊन परत येई.

श्रावणी सोमवारी सासूबाईंनी मलाही मौन धरायला लावलं. "तू तशीबी बोलत नाहीस, तुले काय जड आहे?"

त्या सकाळी मी काकूंच्या दारात गेले आणि पाच बोटं दाखवली. त्यांनी पाच गोवऱ्या आणल्या. मी मान हलवली. मग पाच मिरच्या आल्या. मी मनगटावर राखी बांधल्याचं, एस.टी.त बसून हिसके खाल्ल्याचं करून दाखवलं. बोलायचंच नव्हतं, तर लाजायचं कशाला?

काकूंना कळलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मौन आठवून लगेच मिटलं. मग गाय आटली हे सांगायला त्या हवेतच धार काढू लागल्या. जमलेल्या बायांतली एक म्हणाली, "घंटा वाजवून राह्यल्या वाटते, देवळाले द्यायची ते."

सगळ्या हसल्या. काकूंनी कपाळाला हात लावला, पदराची गाठ सोडून तीन रुपये दिले. मी दोन बोटं वर धरून तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्या आत गेल्या, डबा आपटल्याचा आवाज आला, आणि उरलेले दोन रुपये माझ्या हातावर पडले.