न वाजलेला भोंगा

आमच्या पोलादपुरात मिलिटरीतून परतलेली माणसं पायलीची पन्नास, पण फौजी म्हणावा असा एकच, भागोजीमामा. बाकीचे नुसते पेन्शनर. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायचे, आणि त्यावरून दोघातिघांनी माझ्या बूथवर यायचं सोडलं. येईनात का! मी संजीवनी, एसटी स्टँडसमोर एसटीडी बूथ चालवायचे. दिवसभर लोकांची बोलणी कानावर पडत, त्यामुळे माणूस कळायला मला फार वेळ लागत नसे.

मामा राहायचे वरच्या वाडीत, गाडीरस्ता संपल्यावर तासभर चढून. एकाहत्तरच्या लढाईत ते पंजाबातल्या एका विमानतळावर विमानं पाडायच्या तोफेवर होते. एका दुपारी त्यांना आभाळात तीन ठिपके दिसले. वरून हुकूम यायच्या आधीच त्यांनी हाताने भोंगा फिरवला. सोळा माणसं खंदकात शिरली. बॉम्ब पडले, भटारखाना उडाला, आणि सोळाच्या सोळा धूळ झटकत वर आली. एक कारकून तेवढा तंबूत बसून राहिला होता, तो गेला. ही गोष्ट मामांनी स्टँडवरच्या हॉटेलात किती वेळा सांगितली असेल देव जाणे. मी मुद्दाम खोडी काढायचे, "मामा, मागल्या खेपेला तीन विमानं होती, आज चार कशी झाली?"

"तू गप बस गो! तू होतीस काय तिथं?" असं म्हणून ते पुढे रेटायचे आणि शेवटी बोट जमिनीकडे करायचे. "भोंगा वाजला की भुईखाली. आठ मिनिटं मिळतात. आठ मिनिटांत माणूस जगतो."

मामांना मूलबाळ नव्हतं, बायकोही लवकर गेली. धाकटा भाऊ गोमाजी कडा उतरताना पडून मेला, तेव्हा त्याची बायको येसूबाई आणि लहानगा दीपेश मामांच्या पदरात आले. येसूबाईने शेळ्या राखल्या, नाचणी पिकवली. मामांनी दीपेशला महाडला आयटीआयला घातलं. एसीचं काम शिकून पोरगा आधी मुंबईला गेला, आणि दोन हजार दोन साली एका एजंटामार्फत इराकला. एका शहराबाहेर सरकारी इमारत होती, तिथल्या एसीच्या मशिनी सांभाळायचं काम. दर शुक्रवारी त्याची सुट्टी. अकराच्या सुमाराला त्याचा फोन माझ्या बूथवर यायचा. येसूबाई शेळ्या कुणाच्या तरी हवाली करून खाली यायची, आणि मामा सोबतीला.

दोन हजार तीनच्या मार्चात लढाई होणार हे शेंबड्या पोरालाही कळलं होतं. दीपेशला परत यायचं होतं, पण पासपोर्ट कंपनीच्या साहेबाकडे आणि साहेब आधीच देश सोडून पळालेला. मेल्याला किडे पडोत! त्या शुक्रवारी फोन आला तो येसूबाईने घेतला. माझ्या केबिनचं दार धड लागत नव्हतं, सगळं ऐकू यायचं.

"कुठं निजतोस रे?" तिने विचारलं. उत्तर ऐकून तिचा चेहरा उतरला. रिसीव्हर तसाच धरून ती मामांना म्हणाली, "भावजी, हा खजुराच्या बागेत निजतो म्हणतो, उघड्यावर! आभाळातनं बॉम्ब पडणार नि हा आभाळाखाली! तुमी सांगा त्याला. माझा नाय ऐकायचा." आणि तिने फोन त्यांच्या हातात दिला.

मामांचा आवाज म्हणजे काय, समोरच्या रस्त्यावरचा माणूस थांबायचा. कान अधू असल्याने ते रिसीव्हरही लांब धरायचे, त्यामुळे पलीकडचं बोलणंही मला कळलं. दीपेश सांगत होता, "काका, आपल्याकडं डोंगर हलला की घर सोडून माळावर जातो ना, तसा विचार केला आमी."

"येड्या, ही दरड हाय काय? वरनं मारा होतो तवा भुईखाली जायचा असतो. तळघर हाय का तिथं?"

"हाय. दोन मजले खाली. हातभर जाड सिमेंट. गारेगार हाय एकदम, साहेबलोकांची कसली यंत्रं हायत, त्यांच्यासाठी आमीच मशिनी बसवल्या. पण काका, तिथं कोंडल्यागत होतं."

"कोंडू दे! आजपासून तिथंच पडायचं. भोंग्याची वाट बघू नको. घे आयची शपथ."

दीपेशने शपथ घेतली. येसूबाईने पदराने डोळे टिपले. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा मान डोलावली. बरं झालं, पोरगं शहाण्या माणसाच्या हातात आहे, असंच मला वाटलं.

पुढल्याच आठवड्यात लढाई जुंपली आणि तिकडचे फोन बंद झाले. हॉटेलातल्या टीव्हीसमोर गर्दी, आणि मधे मामा. बगदादचा धूर दिसला की लोक त्यांच्या तोंडाकडे बघायचे. "दीपेशची काळजी नाय," ते सांगायचे. "त्याची जागा पक्की हाय."

एप्रिल संपता संपता एका दुपारी फोन वाजला. दीपेशबरोबर काम करणारा एक वेल्डर होता, पाटण्याकडचा. सुटून कुवेतला पोचला होता. दीपेशच्या वहीत माझा नंबर सापडला म्हणाला. माणूस आधी रडला आणि मग बोलला. भोंगा वाजला नाही. विमानाचा आवाज नाही, तोफा गप्प. सकाळचा चहा चुलीवर होता. झाडांच्या शेंड्यांवरून काहीतरी घोंघावत गेलं, इमारतीपाशी एकदम वर चढलं आणि डोकं खाली करून आपटलं. पहिला आवाज लहान. दुसरा जमिनीच्या पोटातून आला. इमारत उभीच राहिली. तळघरातले पाच जण गेले, त्यात दीपेश.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"हम नौ आदमी बगीचे में थे, दीदी. हम को कुछ नहीं हुआ."

माझ्या जिभेला हाड नाही. मामा समोर आले तसं मी सगळं सांगून टाकलं, बागेतल्या नऊ जणांसकट. ते स्टुलावर बसले.

"भोंगा?" त्यांनी विचारलं.

"नाही वाजला, मामा."

हेच त्यांनी तीनदा विचारलं. मग म्हणाले, "येसूला एवढंच सांगायचा, बॉम्ब पडला नि गेला. बागेचं नाय."

येसूबाईने अंगणात लोळण घेतली. ऊर बडवत होती, आणि सगळ्या वाडीसमोर मामांचे पाय धरून ओरडली, "भावजी, तुमी तिथं असतात तर माझा पोर वाचला असता!" मामा खांबाला धरून उभे होते. पुढे कुणीही भेटायला आलं की ती हेच म्हणायची, आणि मामा ते ऐकून घ्यायचे.

जूनमध्ये पेपरच्या रविवारच्या पुरवणीत एक मोठा लेख आला, आकृत्यांसकट. मामांनी तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. नव्या जातीचं क्षेपणास्त्र. विमान ते शेकडो किलोमीटर लांबूनच सोडून माघारी वळतं. त्याचा आकारच असा की रडारला पत्ता लागत नाही, आणि उडतं जमिनीला धरून. कुठली इमारत फोडायची ते आधीच त्याच्या पोटात भरलेलं असतं. जवळ आलं की चित्र ताडून बघतं. पुढचा स्फोट सिमेंटला भोक पाडतो, मागचा त्या भोकातून आत जाऊन फुटतो. जमिनीखालच्या पक्क्या जागांसाठीच ते बनवलंय.

"जमिनीखालच्या," मामा म्हणाले. त्यांनी त्या आकृतीवर बोट टेकवलं. "आमच्या रडारच्या गाडीला गारवा लागायचा. यंत्रं तापतात. जिथं गारवा तिथं मोठ्या साहेबांची यंत्रं, नि तिथंच दुश्मन पयला मारणार. पोरानं मला फोनवर सांगितला होता, संजे. मी काय फौजी! शेळ्या राखणारीला कळला नसता तर ठीक. मला कळायला नको?"

त्यानंतर त्यांनी एकाहत्तरची गोष्ट कधी सांगितली नाही. कुणी आग्रह केला तर उठून जायचे. मी त्यांच्याशी भांडलेसुद्धा. म्हटलं, एकदा सांगून मोकळे व्हा, असं आतल्या आत किती दिवस जळणार?

"काय सांगू?" ते उसळले. "फोन माझ्या हातात तिनं दिला. माझी चूक सांगितली की तिची पण सांगितल्यागत होते. तिनं मला देव मानला तरी चालंल. पण हे तिला कळला तर ती एक दिवस जगायची नाय."

डिसेंबरात तो वेल्डर स्वतः आला. दीपेशची बॅग खजुराच्या झाडाशी राहिली होती, ती आईच्या हातात द्यायची म्हणून मुंबईहून वाट वाकडी करून आला. मीच त्याला घेऊन वाडीवर चढले. वाटेत त्याला बागेचं बोलू नको अशी तंबी द्यायचं माझ्या मनात होतं, पण धाप लागली, आणि खरं म्हणजे धीर झाला नाही.

येसूबाईने बॅग उघडली. दोन शर्ट, पान्हे, वही. शर्ट नाकाला लावून ती बसून राहिली. मग मामांना म्हणाली, "इचारा त्याला, तो कसा वाचला." तिला हिंदी येत नव्हती. मामांची हिंदी फौजेतली, चोख.

मामांनी विचारलं. समोर बसलेले हेच ते काका, हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक? तो म्हणाला, "हम बाहर सोते थे, अम्मा. दीपेश भी वहीं सोता था. फिर उसके चाचा ने फोन पे कसम दिलाई, अंदर जाओ. तो वो अंदर चला गया."

मामा सहज खोटं सांगू शकले असते. सांगा खोटं, असं मी मनात ओरडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. एकेक शब्द सुटा करून त्यांनी मराठीत सांगितलं, "बाहेर निजणारे वाचले. दीपेश बाहेरच निजायचा. मग काकानं त्याला शपथ घालून आत धाडला."

येसूबाईच्या हातातला शर्ट खाली आला. शेळ्या ओरडत होत्या, कुणी उठलं नाही.

"काकानं नाय," ती म्हणाली. "आयनं. फोन मी दिला. सांगा त्याला."

"नाय सांगणार."

"सांगा, भावजी."

"नाय गो येसू, एवढा नको," म्हणत मामा लहान पोरासारखे रडायला लागले. साठीला टेकलेला तो माणूस मी पहिल्यांदाच रडताना पाहिला.

ती माझ्याकडे वळली. "तू सांग, संजे." मग मी सांगितलं, हिंदीत. हे काका आणि फोन देणारी ही आई, असं.

वेल्डरने दोन्ही हात तोंडावर घेतले. मग बोलला, "बाकी चार को भी वही ले गया था. सब को बोलता था, चलो नीचे, मेरे चाचा फौजी हैं, उन को सब मालूम है. मैं भी जाता. नीचे जगह नहीं थी."

"काय म्हणतो?" येसूबाईने विचारलं.

मामांनी तोंड पुसलं आणि तेही मराठीत सांगितलं, काकाचं नाव सांगून दीपेशने चौघांना खाली नेलं ते.

ती त्या परक्या पोराकडे वळली. मग म्हणाली, "त्या चौघांच्या आयांना ठावं हाय, माझा पोर त्यांना आत घेऊन गेला ते?"

मामांनी विचारलं. वेल्डरने मान हलवली, नाही म्हणून.