लोअर आर्म आणि जनादादांचा खड्डा

गाडी जोडून झाली की ट्रेमध्ये एखादा बोल्ट उरतोच. तो कुठला, हे कुणाला आठवत नाही. गाडी तर उत्तम चालते, आणि बोल्ट फेकवत नाही. मग तो डब्यात जातो. रबाळ्याच्या आमच्या गॅरेजमध्ये अशा बोल्टांचे तीन डबे आहेत, आणि किस्स्यांच्या माझ्या अकरा वह्या.

माझं काम जॉबकार्ड लिहिण्याचं. त्यावर तीन रकाने असतात: तक्रार, काम, शेरा. कोण काय बोललं याला रकानाच नाही. म्हणून ते मी खिशातल्या वहीत लिहितो, वेळेसकट. दहावीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून हाच माझा अभ्यास. आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक जनादादा मला चित्रगुप्त म्हणतात.

आज सांगतोय ते सगळं नवव्या वहीतलं. त्या वहीत आमच्याकडे इलेक्ट्रिक गाड्या यायला लागल्या.

* * *

पहिली आली त्या दिवशी आमचे मालक नाझिमभाई स्वतः रबरी हातमोजे घेऊन हजर. पिवळे, घरी भांडी घासायला वापरतात तसले. "कुणाला शॉक लागला तर माझ्या नावावर येईल," म्हणाले. गिऱ्हाइकाला फक्त वायपर बदलायचा होता.

जनादादांनी मोजे बाजूला ठेवले आणि बॉनेटला कान लावला. तीस वर्षं नुसत्या आवाजावरून इंजिनाचा आजार सांगणारा माणूस. आम्ही सगळे गोल करून उभे. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"चालू करा," दादा म्हणाले.

"चालूच आहे," गिऱ्हाईक म्हणालं.

दादा ताठ झाले. "मंग मना काय आयकायला बोलावलंय?"

आम्ही खूप हसलो. पण त्याच संध्याकाळी नाझिमभाईंनी जाहीर केलं, "इलेक्ट्रिक गाडीला ऑइल नाय. मग ऑइल काढायचा खड्डा कशाला पायजे? आता आपल्याकडे लिफ्ट आहे. खड्डा भरून टाकू, वर चार्जिंग पॉइंट लावू."

खड्डा म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करण्याची ती लांबट जागा. बावीस वर्षं जनादादा तिथेच काम करत होते. भिंतीतला एक कोनाडा त्यांच्या चहाच्या ग्लासाचा होता.

"भरा," दादा म्हणाले. "ज्या दिवशी भराल, त्या दिवशी मी उरनला घरी. हत्यारं पन घेऊन जाईन."

सगळ्यांना वाटलं मस्करी. मी वहीत लिहिलं: ५.४०. दादा हसले नाहीत.

* * *

इलेक्ट्रिक गाडीची गंमत अशी की इंजिनाचा आवाज गेला, की बाकीचे सगळे आवाज ऐकू यायला लागतात. लोक घाबरून आमच्याकडे येतात.

बेलापूरचे एक रिटायर्ड साहेब तीन वेळा आले. "ब्रेक दाबला की कुर्र होतं." आमचा दुसरा मेकॅनिक किरण, पस्तिशीचा, खांदेश्वरहून येतो, इलेक्ट्रिकचं ट्रेनिंग घेतलेला. त्याने ब्रेक पॅड बघितले, पेडल काढून बसवलं, डॅशबोर्डचा अर्धा भाग उघडला. साहेब गाडीत बसले की आवाज आहे, किरण बसला की नाही.

शेवटी जनादादा शेजारी जाऊन बसले आणि डोळे मिटले.

"साहेब, ब्रेक दाबा." कुर्र.

"सोडा. आता गाडीतून उतरा. उभ्यानं तोच पाय वाकवा."

कुर्र.

"गाडी ठीक हाय," दादा म्हणाले. "गुडघा दाखवून घ्या."

साहेब बिचारे म्हणाले, "पंधरा वर्षं डिझेल गाडी चालवली हो, कधी ऐकूच आला नाही."

* * *

मग आल्या हिराताई. उरणकडच्या कोळीण. इलेक्ट्रिक गाडीच्या मागच्या सीटा पाडून त्यावर मासळीचे क्रेट ठेवतात आणि रोज सकाळी वाशी-ऐरोलीच्या सोसायट्यांत माल पोचवतात. गाडी स्वतः चालवतात, आणि उरणच्या रस्त्यावर कंटेनरवाल्यांना साइड मागत नाहीत, घेतात.

त्यांची तक्रार: पुढच्या डाव्या चाकात टक् होतं.

त्या दुपारी आल्या होत्या, माल विकून. किरणने गाडी तीन वेळा फिरवून आणली. "ताई, काही आवाज नाही. भास असेल."

"भास व्हायला मी काय रिकामी बसलेय? सकाळी येतो आवाज. दुपारी नाय येत."

"गाडीला सकाळ-दुपार कळते का ताई?"

खड्ड्यातून जनादादांचं डोकं वर आलं. "हिरा, उद्या भरून आन."

दुसऱ्या दिवशी गाडी भरून आली. दादा पुढच्या सीटवर बसले, म्हणजे बसले नाहीत, जिथे पाय ठेवतात तिथे कान ठेवून आडवे झाले. रेल्वे स्टेशनकडच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर आवाज आला. टक्.

"लोअर आर्म," दादा तळातून म्हणाले. "बुश गेलाय."

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात. कंपनीच्या कागदात त्याला कंट्रोल आर्म लिहितात. त्याच्या सांध्यात जाड रबर असतं, तो बुश. बुश झिजला की लोखंडावर लोखंड वाजतं. गाडीवर वजन असलं की जास्तच.

परत आल्यावर दादांच्या अंगाला असा काही बोंबील-कोळंबीचा वास, की एमआयडीसीतल्या चार मांजरी दिवसभर त्यांच्या मागे. खड्ड्यात उतरले की काठावर बसून वाट बघायच्या.

नाझिमभाई म्हणाले, "हाकला त्यांना."

"ऱ्हाऊ द्या," दादा म्हणाले. "कुनाला तरी मी पायजे."

* * *

नवीन लोअर आर्म आला तेव्हा काम किरणला मिळालं. नव्या लिफ्टवरचं पहिलं मोठं काम. नाझिमभाई फोनवर व्हिडिओ काढत होते. किरणचा हात खरंच सुरेख आहे. चाक काढलं, बॉल जॉइंट सोडवला, बुशचे दोन्ही बोल्ट काढले, जुना आर्म खाली, नवा वर. मी घड्याळ लावून बसलो होतो: एक तास पन्नास मिनिटं.

तो टॉर्क पाना लावत असताना जनादादा हात पुसत आले. टॉर्क पाना म्हणजे बोल्ट हवा तेवढा आवळला की कट् असा आवाज करणारा पाना. दादा तो वापरत नाहीत. म्हणतात, माझा हातच कट् करतो.

"किरण, चाकं लटकताना बुशचे बोल्ट आवळू नको."

"दादा, पुस्तकातला टॉर्क लावतोय."

"टॉर्क बरोबर असंल. गाडी हवेत हाय."

"दादा," किरण हसला, "ही इलेक्ट्रिक आहे."

दादा खड्ड्याकडे गेले. कट्. दुसरा बोल्ट. कट्. अलाइनमेंट झालं. दुसऱ्या सकाळी हिराताई भरली गाडी घेऊन निघाल्या आणि फोन आला: आवाज बंद! नाझिमभाईंनी सगळ्यांना वडापाव मागवला आणि त्याच आनंदात खड्डा भरायला राडारोडा आणणाऱ्या डेब्रिजवाल्याला सांगून टाकलं.

* * *

दीड महिन्याने शनिवारी दुपारी हिराताईंची गाडी थेट ऑफिसच्या दारात येऊन थांबली. इलेक्ट्रिक असल्यामुळे आम्हाला ती आलेली कळली नाही, ताई कळल्या.

"शेट कुठं हाय? टक् परत आलाय. पहिल्यापेक्षा मोठा."

गाडी लिफ्टवर चढली. नव्या बुशचं रबर उभं चिरलेलं.

नाझिमभाई म्हणाले, "पार्ट डुप्लिकेट असेल ताई."

"डुप्लिकेट तुमी आनला का मी? या गाडीच्या बॅटरीला आठ वर्षं गॅरंटी हाय. म्हंजे मी ही गाडी आठ वर्षं चालवनार. आन् तुमचं रबर दीड म्हैना? आठ वर्षं मी दर दीड म्हैन्याला इथं येऊन बसू?"

मला राहवलं नाही. मी वही काढली आणि पान शोधून वाचलं: "१२.१०. ज. म्हणाले, चाकं लटकताना बुशचे बोल्ट आवळू नको. कि. म्हणाला, ही इलेक्ट्रिक आहे."

मला वाटलं किरण आता माझ्यावर चिडणार. त्याने चिरलेला बुश हातात घेतला, बोटाने चीर चाचपली आणि सरळ खड्ड्याच्या काठावर जाऊन बसला.

"दादा, चुकलं. सांगा."

दादांनी ग्लास कोनाड्यात ठेवला. "तू मान पूर्न वळवून झोपशील का?"

"नाही."

"मंग रबराला कशाला झोपवतोस? गाडी हवेत असली की चाक लटकतं, आर्म खाली झुकतो. तसाच बोल्ट आवळला की रबर तिथंच धरलं जातं. गाडी जमिनीवर आली, आर्म वर आला, रबराला पीळ बसला. उभ्या जन्माचा पीळ. त्यात ही बॅटरीची गाडी, वजनदार. त्यावर हिराची मासळी. चिरनार नाय तर काय करनार?"

"मग आवळायचा कसा?"

"गाडी चाकांवर उभी पायजे, रोजच्या वजनानं. आन् मेकॅनिक खाली."

गाडी चाकांवर आणि माणूस खाली. सगळ्यांच्या नजरा फिरल्या. नाझिमभाई तेवढे छताकडे बघत होते. कारण दीड महिना उद्या-उद्या करणारा डेब्रिजचा टेंपो नेमका त्याच दिवशी यायचा होता. सकाळपासून दादांची हत्यारांची पेटी दाराशी बांधून ठेवलेली होती.

"एवढं काम करून जातो," दादा म्हणाले.

* * *

दुसरा आर्म दुकानातून आला. लिफ्टवर दादांनी आणि किरणने मिळून तो चढवला, बोल्ट नुसते हाताने लावले आणि गाडी हळूच खड्ड्यावर आणून उभी केली. किरण टॉर्च घेऊन दादांबरोबर खाली उतरला.

"आता वजन," खालून दादा म्हणाले. "हिरा, क्रेट?"

"इकले सगळे. दुपार हाय."

"मंग मानसं बसवा."

हिराताई स्टिअरिंगवर, रोजच्यासारख्या. शेजारी रोज त्यांची नणंद बसते, तिच्या जागी मी. मागे क्रेटचं वजन कुठून आणायचं? मी वही काढून प्रत्येकाचं वजन विचारायला लागलो. नाझिमभाई म्हणाले, "माझं बहात्तर."

हिराताईंनी त्यांच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "शेट, मी रोज मासळी तोलते. पंच्याऐंशीच्या खाली तुमी नाय."

मी पंच्याऐंशी लिहिलं. नाझिमभाई मागे पाडलेल्या सीटांवर मांडी घालून बसले, मान वाकवून, मांडीवर ट्रकची जुनी बॅटरी. सकाळी जिथे पापलेट बसतात, तिथेच.

"कुनी हलायचं नाय," खालून आवाज आला. "शेट, श्वास पन बेतानं."

त्याच वेळी डेब्रिजचा टेंपो आत आला. ड्रायव्हर उतरला, गाडीत वाकून बघितलं, नेमका मालक ओळखला. "शेठ, माल आणलाय. खड्डा कुठला?"

"माझ्याशी बोलू नको," नाझिमभाई ओठ न हलवता म्हणाले. "मी आत्ता वजन आहे."

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी समोर बघत राहिलो.

मग त्याला गाडीखाली उजेड दिसला. तो वाकला. "अरे, खाली माणसं आहेत! शेठ, किती वेळ लागेल?"

नाझिमभाईंनी बसल्या जागेवरून आवाज दिला, "जनादादा, किती वेळ?"

खाली चाललेली खुडबुड थांबली. मग दादा म्हणाले, "तुमी सांगा, शेट."

आरशात मला नाझिमभाई दिसत होते. त्यांनी दाराशी बांधलेल्या पेटीकडे बघितलं. खड्ड्याच्या काठावर चारही मांजरी रांगेत बसल्या होत्या. हिराताई आरशातून त्यांच्याकडेच बघत होत्या, तराजूचा काटा बघावा तशा.

"आठ वर्षं," नाझिमभाई ड्रायव्हरला म्हणाले. "तू माल घेऊन जा."

खाली कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "दे तो पाना इकडं."

आणि मग आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. कट्.