छत्तीसनंतर पुन्हा छत्तीस

आमच्या छापखान्यात कॉम्प्युटरची नवी फ्लॉपी आली की ईश्वरदास सोनकुसरे आधी सगळे आकडे ओळीनं टाइप करतो, कागदावर काढतो आणि तो कागद माझ्या नाकासमोर धरतो. "वाचा, मास्तर." मी वाचतो. "मोठ्यानं वाचा न." मग मी मोठ्यानं वाचतो, एक, दोन, तीन. शाळेतली नोकरी सोडून मी इथं प्रुफं वाचायला आलो तो काही पुन्हा अंक म्हणायला नाही, असं मी त्याला कितीदा तरी सुनावलं आहे. नवी पोरं खिदळतात. त्यांना वाटतं, ही म्हाताऱ्यांची काहीतरी पूजा आहे.

त्याची दुसरीही एक खोड आहे. कुणी बुडाल्याची बातमी टाइप करायला आली की तो पहिल्यांदा वय विचारतो. सोळा-सतरा म्हटलं की त्याचा हात थांबतो. हसणाऱ्या पोरांना अठ्ठ्याऐंशी सालचा जून कुणी सांगितलेला नाही. मी तेव्हा तिथं होतो, म्हणून सांगतो.

ईश्वरदास मुळातच भित्रा. रस्ता ओलांडताना मोकाट गाईलासुद्धा आधी जाऊ देणारा. बाप उमरेडला हातमागावर. हा इतवारीत आमच्याकडे खिळे जुळवायला आला. शिशाची अक्षरं लाकडी पेटीत आपापल्या खणात पडलेली असतात आणि चांगला जुळारी खणाकडे बघत नाही, डोळे मजकुरावर आणि हात आपोआप बरोब्बर खणात. म्हणून ईश्वरदासला सगळ्यांत मोठं भय कशाचं, तर कुणीतरी खण बदलून ठेवण्याचं. त्याच्या पेटीला दुसऱ्या कुणी हात लावला की जेवण टाकून एकेक खण तपासायचा. आम्ही त्याची टर उडवत होतो. त्यात मी सगळ्यांत पुढे.

मग आमचे मालक भैय्याजी यांनी कॉम्प्युटर आणला आणि शिसं भंगारात गेलं. बाकीचे जुळारी निघून गेले. ईश्वरदास शिकायला बसला, तोही भीतीनंच. नोकरी गेली तर खाणार काय? पण यंत्राची एक गोष्ट त्याला आमच्या सगळ्यांआधी कळली. त्यात प्रोग्राम वेगळा आणि अक्षरं वेगळी. अक्षरं खणात बसलेली असतात, आणि कोणत्या खणातून काय उचलायचं ते प्रोग्राम सांगतो. "म्हणजे माहीच पेटी हाये, मास्तर," तो म्हणाला, "फक्त हात दुसऱ्याचा."

ज्यांच्याकडून हे मराठी विकत घेतलं होतं ते पुण्याचे लोक अधूनमधून या दोन्हींच्या सुधारलेल्या फ्लॉप्या पाठवायचे. सुधारित आवृत्ती म्हणजे जुन्या चुका जाऊन त्यांच्या जागी नव्या, हे मला पुस्तकांवरून ठाऊक होतं. ईश्वरदासला तर पार्सल दिसलं की घाम फुटायचा. नवं चढवण्याआधी जुन्याची नक्कल काढायचा, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायचा आणि स्टीलच्या डब्यात घालून कूलरच्या ओल्या वाळ्याशेजारी ठेवायचा. नागपूरचा उन्हाळा माणसाला सोडत नाही, तिथं फ्लॉपीची काय कथा.

त्या जूनमध्ये आमच्या पेपरची दहावीच्या निकालाची पुरवणी निघायची होती. तेव्हा पास झालेल्यांचे नंबर पेपरात यायचे. ज्याचा नंबर नाही, तो नापास. ईश्वरदासची धाकटी बहीण भागीरथा बाहेरून परीक्षेला बसली होती. नवऱ्यानं टाकलेली, नंदनवनात भावाकडे राहणारी. दहावी झाली की नर्सिंगला जायचं तिच्या मनात होतं. दोनदा ती गणितात गेली होती आणि दोन्ही वेळा सासरच्यांनी येऊन दारात उभं राहून हसून घेतलं होतं.

आदल्या संध्याकाळी नंबर आले. ईश्वरदासनं टाइप केले, कच्चं प्रुफ काढलं, मी तपासलं. भागीरथाचा नंबर त्यात होता. मी त्याच्या पाठीत धपका घातला आणि म्हटलं, "घरी जाताना पेढे ने."

"छापून येऊ द्या, मास्तर. नंबर आधी फोडाचा नाही, असं भैय्याजीनं सांगतलं हाये. अन् मधातच काही चुकलं त? छापलं म्हंजे खरं."

तो घरी गेला आणि काही बोलला नाही. बायको तुळसाबाई पोरांना घेऊन माहेरी गेली होती. घरात बहीण-भाऊ दोघंच. बहीण रात्रभर कूस बदलत होती आणि हा गप्प राहिला. मला आजही त्याचा राग येतो.

सकाळी तो आला तोच उतरलेल्या चेहऱ्यानं. त्यात भैय्याजी नवी फ्लॉपी घेऊन उभे. जुन्या अक्षरांत 'विद्यार्थ्यांचे' हा शब्द फार वाईट दिसायचा, रफार भलत्याच डोक्यावर बसायचा. आजच्या मथळ्यात तोच शब्द होता. पार्सलात अक्षरांची फ्लॉपी ठीक होती, पण सोबतची प्रोग्रामची फ्लॉपी उन्हानं पापडासारखी वाकली होती. यंत्र ती वाचेना.

"दोन्ही संगंच चढवाच्या असतात, भैय्याजी," ईश्वरदास म्हणाला. "एक चढवली अन् एक नाही, असं नाही जमत."

"अरे, अक्षरंच त बदलवाची हायेत. प्रोग्राम जुना चालून राहिला न? मंग तू काहून भेऊन राहिला?"

"आज नोको. उद्या करू. आज रिझल्ट हाये."

"आजच त पाह्यजे! सारं नागपूर आज आपला पेपर हातात घेईन."

ईश्वरदासनं जुन्याची नक्कल डब्यात असल्याची खात्री केली आणि नवी अक्षरं चढवली. मथळा काढून पाहिला. खरं सांगतो, देखणा होता. रफार जिथल्या तिथं. ईश्वरदाससुद्धा हसला. तारखेची पट्टी आधीच तयार होती, ती चिकटवली. नंबर काल तपासलेलेच होते. सकाळच्या जाहिराती मध्ये बसवून पानं काढली आणि मशिनवर गेली. पुरवणीचे गठ्ठे सायकलींवरून शहरभर गेले, उमरेडच्या बसवरही चढले.

मग आम्ही चहा घेत बसलो. ईश्वरदासनं एक पुरवणी मांडीवर उलगडली. बहिणीचा नंबर छापलेला बघायचा होता त्याला. पुढचे मोठे आकडे एकदाच आणि त्याखाली शेवटचे दोन, असा तो तक्ता. त्याचं बोट खाली सरकत गेलं, थांबलं, पुन्हा वर गेलं.

"मास्तर, हे वाचा बरं."

मी चहाचा घोट घेत वाचलं, "पस्तीस, छत्तीस, अडतीस, छत्तीस, एक्केचाळीस."

आणि मग माझं मलाच ऐकू आलं. भागीरथाचा नंबर एकोणचाळीसचा होता.

"खण बदलले, मास्तर," ईश्वरदास म्हणाला. 

आमच्याकडे हिंदी कामंही होतात म्हणून भैय्याजींनी पुण्याकडे हिंदी वळणाचे आकडे मागितले होते. त्यांनी अक्षरांत आकड्यांची दुसरी ओळ घुसवली, त्यात बाकीचे आकडे जागेवर राहिले पण नऊचा खण सरकला. हे नव्या प्रोग्रामला माहीत होतं, जुन्याला नव्हतं. तो बिचारा नऊ आणायला नेहमीच्या खणात गेला आणि तिथं बसलेला सहा घेऊन आला. अख्ख्या पुरवणीत नऊ हा आकडा उरला नव्हता. ज्याच्या नंबरात नऊ, तो नापास. आणि निकाल बघणारं पोर आपला एकच नंबर शोधतं. आजूबाजूला काय आहे ते कोण बघतो?

ईश्वरदासनं माझं मनगट धरलं. "ते सकाळी बोलली मले. म्हणे, दादा, या बारीनं नापास झाली त मले शोधू नोको. तरी बी मी नंबर नाही सांगतला."

मी उभाच राहिलो. "अरे, मग चल ना!"

तो दारापर्यंत गेलाही. तेवढ्यात आमचा गोंधळ ऐकून भैय्याजी आले. त्यांचाही चेहरा पडला होता. म्हणाले, "उद्याच्या अंकात माफी छापू. मोठी छापू, पहिल्या पानावर."

"उद्या?" ईश्वरदास ओरडला. त्याला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "उद्यापर्यंत कोन कोन राहीन, भैय्याजी?"

जुनी अक्षरं परत चढवून पुरवणी पुन्हा छापायची, हे काम छापखान्यात एकट्या ईश्वरदासलाच येत होतं. त्यानं दाराकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "मास्तर, तुम्ही जा घरी माह्या. मले जाता येत नाही. सगळ्या गावात नऊ हायेत." त्यानं डबा उघडला, फडकं सोडलं. फ्लॉपी फटीत घातली.  यंत्र खरखरायला लागलं आणि मी निघालो.

सायकलरिक्षा केली. इतवारीतल्या हातगाड्यांत ती अडकली तेव्हा मी रिक्षावाल्यावर असा खेकसलो की तो उतरून मलाच ओढायला सांगेल असं वाटलं. जिकडेतिकडे आमची पुरवणी. कुठं घोळका करून वाचत होते, कुठं एखादी पोरगी ओट्यावर पदरात तोंड घालून बसली होती. "चुकीचा आहे तो, नवा येतोय!" मी रिक्षातून ओरडत होतो. लोक वेड्याकडे बघावं तसे बघत होते. त्या पोरीचा नंबर नऊचा होता की ती खरंच नापास होती, मला कसं कळणार? 

नंदनवनात ईश्वरदासच्या दाराला नुसती कडी होती. आत मळलेली कणीक ताटाखाली झाकलेली. शेजारच्या अंजनाबाई बाहेर आल्या.

"पेपर पाह्यला तिनं अन् चालली गेली, मास्तर. रडली बी नाही. म्हणूनच मले कसंतरी वाटून राहिलं."

"कुठं गेली?"

त्यांनी नुसता हात केला. सक्करदऱ्याकडे. तिकडे तलाव आहे.

तलावाच्या काठावर माणसं जमलेली मला लांबूनच दिसली. रिक्षातून उतरून मी पळालो. या वयात माणसानं पळू नये. माणसं बाजूला सारत पुढे घुसलो. मध्ये गाळात एक म्हैस रुतली होती आणि चार जण तिला दोरानं ओढत होते. मला तिथंच रडू फुटलं. हसतो की रडतो, ते त्या माणसांना कळेना. त्यातल्या एकाला मी भागीरथाचं वर्णन सांगितलं.

"आली होती एक बाई," तो म्हणाला. "त्या तिकडं काठावर पेपर वाचून राहिली होती. मी म्हशीकडं आलो. मंग पाह्यलं त नव्हती."

"गेली कुठं?"

"आता ते मले काय मालूम, बाप्पा?"

मी त्या बाजूला गेलो. चिखलात पावलं होती, पण धुणं धुणाऱ्यांची की तिची, कोण सांगणार? पाण्याकडे माझ्यानं बघवेना.  आता परत जाऊन ईश्वरदासला काय सांगायचं, या एकाच प्रश्नानं मी भ्यालो. रिक्षात बसल्यावर वाटायला लागलं की इतवारी येऊच नये.

छापखान्याच्या गल्लीत शिरताच मशिनचा आवाज आला. दुसरी पुरवणी निघत होती. दारात सायकली लागल्या होत्या, पोरं गठ्ठे बांधत होती. आणि आत यंत्राच्या खोलीच्या उंबऱ्यात भागीरथा उभी होती. हातात आमचीच पुरवणी. आम्हा दोघांची वेगवेगळ्या गल्ल्यांत चुकामूक झाली होती. मी भिंतीला टेकलो. 

"पस्तीस, छत्तीस, अडतीस," ती भावाला विचारत होती, "अन् मंग परत छत्तीस? गणितात मी दोनदा गेली, दादा, पण एवढं त मले येते."

ईश्वरदासनं ताज्या शाईची पुरवणी तिच्यापुढे धरली. एकोणचाळीस आपल्या जागी होता. तिनं त्या नंबरावर बोट ठेवलं.

"तू काल पाह्यला होता माहा नंबर?"

"हाव."

"मंग सांगतला काहून नाही?"

"भेव वाटलं."

"कायचं?"

 तिनं हातातल्या जुन्या पुरवणीची घडी घातली. कागद कडेनं ओला होता, मऊ पडला होता.

"मले बी वाटलं होतं, आता काय पाहाचं," ती म्हणाली. "पण म्हटलं, एक बार आखरीचं पाहून घ्याव."

तेव्हा ईश्वरदासची नजर खाली गेली, आणि माझीही. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. काठाला तलावाचा हिरवा गाळ लागला होता. इतका वेळ ते पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

 ज्या फडक्यात जुनी अक्षरं गुंडाळून ठेवायचा, ते ईश्वरदासनं टेबलावरून उचललं, बहिणीच्या पायाशी बसला आणि तिच्या लुगड्याचा काठ पिळायला लागला. बाहेरून भैय्याजी त्याला हाक मारत होते. तो उठला नाही.