माझ्या मापाचा कोट, ग्वाल्हेरहून

मुलाखतीला साडी नेसायची, निदान पंजाबी ड्रेस तरी, हे काकांनी ठरवून टाकलं होतं. घरातली मी पहिली पदवीधर, म्हणून माझ्या कपड्यांवरही घराचा हक्क. मला कोट हवा होता. पुण्याच्या हॉस्टेलमधली मैत्रीण मृण्मयी फोनवर म्हणाली, "ग्वालियरला ये. इथे कपडा पण मिळतो, शिवणारे पण." मी भुसावळहून रात्रीच्या गाडीत बसले.

मृण्मयीचं घर शिंदे की छावनीत. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेलं मराठी कुटुंब, बोलणं अर्धं हिंदी. सकाळी बेडई-जलेबी खाऊन ई-रिक्षाने बाड्यावरच्या बाजारात गेलो. तुम्ही गेलात तर पोट रिकामं ठेवून जा आणि दुकानं अकराच्या आधी उघडतील अशी आशा ठेवू नका. हॉस्टेलमध्ये आम्ही दोघी तुळशीबाग पालथी घालायचो. इथेही तासभर नुसते तागे चाचपले. शेवटी राखाडी सुटिंग घेतलं, पावसाळी आभाळासारखं.

दाना ओली या गल्लीतले शिंपी मास्टरजी फक्त पुरुषांचे कपडे शिवतात. दुसरीकडे जायला सांगतील, असं मृण्मयीला वाटलंच होतं.

"बिटिया, लेडीज़ का नाप हम नहीं लेते."

"नाप मैं ले लूँगी, मास्टरजी. आप बस बोलते जाइए," मृण्मयी म्हणाली आणि टेप उचलली.

मास्टरजी रस्त्याकडे तोंड करून बसले. "कंधा... आस्तीन... अब सीना," ते गल्लीला सांगत होते आणि मृण्मयी मला मोजत होती. बाकावरच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "भाई के लिए बन रहा है?"

"मेरे लिए," मी म्हटलं. मला भाऊ नाही.

लग्नसराई नव्हती, म्हणून कोट चार दिवसांत मिळाला. तोवर किल्ला चढलो, चंदेरी साड्या बघितल्या, घेतली एकही नाही. कोट घातला आणि मृण्मयी थबकली.

"अगं, काज मर्दाना साइडला आलेत. लोक म्हणतील भावाचा घालून आली."

मास्टरजींचा चेहरा पडला. "हाथ की आदत है, बिटिया. दूसरा सिल देता हूँ, कपड़ा मेरा."

खांदे अगदी माझे होते. बाह्या मनगटावर थांबत होत्या. आजवर मी घातलेला प्रत्येक नवा कपडा "अजून वाढेल" म्हणून मोठा घेतलेला होता.

"राहू दे," मी मृण्मयीला म्हटलं. "म्हणू दे लोकांना."

"पागल आहेस," ती म्हणाली आणि कॉलर नीट केली.

घरी काकांनी कोट उलटापालटा करून पाहिला. "बटणंसुद्धा पुरुषी. याच्यापायी नोकरी गेली तर?"

"गेली तर पुढच्या मुलाखतीलाही हाच घालीन."

आईने कोटावर सुती ओढणी अंथरून इस्त्री करून दिली.

माझी निवड झाली नाही. कोटामुळे की अनुभव नाही म्हणून, कुणी सांगितलं नाही. काका म्हणतात, त्यांनी आधीच सांगितलं होतं. चार दिवसांच्या ग्वाल्हेरमधून माझ्याजवळ जे राहिलं ते हेच: आरशासमोर पोक न काढता उभं राहायची सवय. ती काही काकांना काढून घेता येणार नाही.

गुरुवारी नाशिकला मुलाखत आहे. कोट ड्रायक्लीनला दिलाय.