खांदा

आमच्या मंडळाची सुरुवात एका प्लास्टिकच्या खुर्चीपासून झाली. लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता आणि आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. एके सकाळी वरच्या मजल्यावरचे काका गेले. चाळीत असते तर चहा उकळायच्या आत गॅलरी माणसांनी भरली असती. इथे सगळ्यांची दारं बंद. त्यात लिफ्ट एवढीशी, की माणूस आडवा नेता येत नाही. शेवटी दोन वॉचमननी काकांना खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं आणि लिफ्टने खाली आणलं. मी ऑफिसची बॅग घेऊन त्याच लिफ्टची वाट बघत उभा होतो. दार उघडलं तेव्हा बाजूला झालो, हात जोडले आणि ऑफिसला गेलो.

तेराव्याच्या जेवणाला मात्र हॉल भरला होता. काकू मालवणकडच्या, बोलायला फटकळ. वाढपी दुसऱ्यांदा भात घेऊन फिरत असताना त्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. "येवढी बिऱ्हाडां ह्या बिल्डिंगीत, आणि माझ्या घोवाक चार खांदे गावले नाय! खुर्चेक बांधून न्हेलात त्येका!" कोणी मान वर केली नाही. मीही पानातल्या जिलबीकडे बघत राहिलो.

लाज वाटली की आमच्याकडे लगेच मंडळ निघतं. त्याच आठवड्यात सोसायटीच्या ऑफिसात आमचं निघालं. नावावरून तासभर भांडण झालं. 'अंत्य' हा शब्द कोणालाच नको होता. शेवटी 'साहाय्य मंडळ' असं गुळमुळीत नाव ठरलं आणि लोक आम्हाला खांदेकरी म्हणू लागले. नियम एकच होता. मजला कुठलाही असो, माणूस जिन्याने खाली जाईल आणि खांद्यावरून जाईल. माझं बोलणं नीट आणि अक्षर चांगलं म्हणून मला सेक्रेटरी केलं.

पहिली दोन-तीन वर्षं मंडळ झपाट्याने वाढलं. आजूबाजूच्या टॉवरांतून फोन येऊ लागले. डॉक्टरांचा दाखला, सामान, शववाहिनी, भोईवाड्याच्या स्मशानात कळवणं, हे सगळं मी बघायचो, आणि चांगलं बघायचो. फक्त एक गोष्ट मी कधीच केली नाही. मी खांदा दिला नाही. मला प्रेताची भीती वाटते. तो गारठा, ते वजन, मानेशी येणारा तो वास, नुसता विचारही नकोसा होतो. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिरडी उचलायची वेळ झाली की माझा फोन वाजायचा. नाही वाजला तरी मी तो कानाला लावायचो.

आमच्यातला एक ड्रायव्हर, चाळीतला माझा लंगोटीयार, एकदा म्हणालाच, "काय रे सेक्रेटरी, तुझा खांदा काय इस्त्री करून ठेवलाय?" सगळे हसले. मीही हसलो.

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. चाळीत असताना त्यांनी कितीतरी जणांना खांदा दिला होता. अर्ध्या जेवणावरून उठून जायचे. आता हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी जिना चढणं-उतरणं बंद केलं होतं, पण मुलगा मंडळात आहे याचा त्यांना फार अभिमान. मी घरी आलो की अंघोळीला जायच्या आधी विचारायचे, "दिलास ना खांदा?" मी म्हणायचो, "दिला." ते समाधानाने मान हलवायचे. एकदा म्हणाले, "मला नेशील तेव्हा पुढे उजवीकडे तू राहा. दुसरं काही मागत नाही तुझ्याकडे." मी हो म्हटलं. त्या दिवसापासून आपल्याला ते जमेल का, हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. बाबांचा खोकला वाढला की मला त्यांची काळजी वाटायची आणि माझ्या खांद्याचीही. हे लिहितानाही मान खाली जाते.

बाबा गेल्या वर्षी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मला फोन करावाच लागला नाही, पॅसेजमध्ये उभं राहायला जागा नव्हती. तिरडी दाराबाहेर बांधली. कोणीतरी माझ्या हातात मडकं दिलं. "तू कर्ता. तू पुढे चालायचं." मडकं धरणारा खांदा देत नाही. मला आठवलंच नव्हतं.

तेवढ्यात ड्रायव्हर मित्र जवळ आला. बाबांच्या खाटेशी बसून गप्पा मारणाऱ्यांतला तो, बाबा त्याच्याशीही बोलले असणार. हळूच म्हणाला, "आण ते मडकं इकडे. जिना उतरेपर्यंत मी धरतो. तू उजवीकडे लाग. म्हातारा बोलला होता मला."

सगळे थांबले होते. उजवीकडची पुढची जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती.

मी म्हटलं, "नको रे. रीत मोडायला नको."

रीतभात मी कधी पाळली नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं. त्या मोकळ्या जागी जाऊन त्याने खांदा लावला. मी पुढे निघालो. मागून आवाज येत होते, "सावकाश, वळण आलं", "हातावर घ्या", "आता खांदा बदला." प्रत्येक मजल्यावर दारं उघडी होती, बायका डोळे पुसत होत्या. सगळ्यांना वाटत होतं, मुलगा किती धीराने चाललाय. आणि मला हायसं वाटत होतं.