तीनदा तासलेला चेहरा

जर्मनबाबा खाली बसत नसत. सत्तरीचा माणूस, पण जेवायचा तोसुद्धा येरझारा घालत; एका हातात भाकरी, दुसऱ्यात हिरवी मिरची. लोहारा गावातल्या माझ्या फर्निचरच्या शेडमध्ये मी त्यांना खुर्ची दिली, की ते तिच्यावर कोरायची पटाशी ठेवायचे. "बैठा तो लकड़ी सो जाती," हे त्यांचं मोडकंतोडकं हिंदी. मला तर त्यांच्याकडे पाहूनच दम लागायचा.

पन्नास वर्षं त्यांनी जर्मनीतल्या चर्चसाठी क्रुसावरचा येशू कोरला होता. आमच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या चर्चमधली मूर्ती दुरुस्त करायला ते आले आणि सागवान शोधत माझ्याकडे पोचले. तेव्हा आमच्या वस्तीतला नवा विहार बांधून झाला होता, पण आत मूर्ती नव्हती. माझ्या आईनं आपल्या स्वभावाप्रमाणे सरळ विचारलं, "बाबा, आमचा बुद्ध करून देता का?" मी हिंदीत सांगायच्या आतच बाबांनी मान डोलावली. बुद्धपौर्णिमेला सव्वा महिना होता आणि त्यांचा व्हिसाही तेवढाच उरला होता.

मूर्तीचं अंग झरझर झालं. चिवराच्या चुण्या तर अशा, की आमचे सुतार येताजाता बोट फिरवून पाहत. घोडं अडलं चेहऱ्यावर. पहिला चेहरा झाला तेव्हा आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "छान हाय. पण याले काहून दुखून राह्यलं?"

मी चरकलो. खरंच होतं हो! डोळे मिटलेले, ओठांवर हसू, आणि भुवयांच्या मधोमध कळ. बाबांनी चेहरा तासून काढला. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. "हाथ को आदत है," तळहात माझ्यापुढे धरून ते म्हणाले. लाकूड काही परत चिकटवता येत नाही. दर वेळी चेहरा आत आत चालला होता. आता चुकलं असतं तर मूर्तीच बाद. मी आईवर उखडलो, "तुले कायले बोलाचं होतं? लोकांनी हात जोडले असते ना!"

"मले दिसलं ते मी सांगतलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती शेडमध्ये सूप घेऊन तूर निवडायला येऊ लागली. बाबांना म्हणाली, "बसा इथं." आणि काय सांगू, ते बसले! दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. बाबांचे पाय सारखे हलायचे, बोटं मांडीवर ठोके द्यायची. तीन दिवस हत्याराला हात नाही. पौर्णिमा आठवड्यावर आली, माझा जीव टांगणीला, आणि हे दोघं तुरीतले खडे वेचतायत! तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचे पाय हलायचे थांबले.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत चेहरा झाला. आईनं तिथंच भुशात गुडघे टेकून वंदन केलं. मूर्ती बसवायलाही बाबा थांबले नाहीत. "घर में काम है," एवढंच म्हणाले आणि पौर्णिमेच्या दोन दिवस आधीच निघाले. मला तेव्हा रागच आला होता.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा निरोप मोबाइलवर आला, सोबत एक फोटो. बाबा गेले होते. इथून परतल्यावर त्यांनी एकच मूर्ती केली, क्रुसावरचा येशू. जखमा सगळ्या जिथल्या तिथे, चेहरा मात्र शांत. ज्या चर्चनं करायला सांगितली होती त्यांनी ती परत पाठवली. यात यातना कुठे आहेत, म्हणाले. आता ती बाबांच्या थडग्यापाशी उभी आहे.

मी आईला सगळं वाचून दाखवलं. तिनं फोटो मोठा करायला लावला. पुष्कळ वेळ पाहिलं, डोळे पुसले.

"त्या पोरीले लिही बरं," ती म्हणाली, "लाकूड हाय, उघड्यावर भिजंल. वरतून एखादं छप्पर टाक म्हणा."